औषधं सात, डॉक्टर तीन. पण सगळ्या गोळ्या एकत्र तपासणार कोण?

बीपीची गोळी गावातल्या डॉक्टरांची, शुगरची कोल्हापूरच्या स्पेशालिस्टची आणि गुडघेदुखीची मेडिकलमधून परस्पर आणलेली. वारणानगर परिसरातच नाही, राज्यात कुठेही ज्येष्ठांच्या घरी हेच चित्र दिसतं. प्रत्येक डॉक्टर आपापली चिठ्ठी बघतात. सगळ्या गोळ्या एकत्र कोणीच बघत नाही.

धोका नेमका काय?

एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडनावांनी सुरू राहू शकतं. रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली, तर किडनीवर ताण येऊ शकतो. सुट्या बघितल्या तर तिन्ही गोळ्या नेहमीच्याच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सुरू केलेल्या औषध सुरक्षेच्या मोहिमेत एकाच वेळी अनेक औषधं घेणं हा प्रमुख विषय ठेवला, तो यामुळेच.

इतर देशांत काय होतं?

ऑस्ट्रेलियात 2001 पासून डॉक्टरांच्या शिफारशीवरून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जाऊन औषधं तपासतो. त्याचे पैसे सरकार देतं. इंग्लंडमध्येही 2020 पासून प्राथमिक आरोग्यसेवेत असा आढावा घेतला जातो.

आपल्याकडे नियम आहे का?

आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टने दुहेरी औषधं, चुकीचा डोस आणि औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम तपासणं अपेक्षित आहे. रुग्णालयात काम करू शकतील असे फार्मासिस्ट घडवणारा सहा वर्षांचा फार्म डी अभ्यासक्रमही 2008 मध्ये आला. खुद्द वारणानगरमध्ये तात्यासाहेब कोरे फार्मसी कॉलेज आहे. म्हणजे शिकलेली माणसं आहेत.

मग अडतं कुठे?

पैशांवर. दुकानाची कमाई गोळ्या विकून होते, एखादी गोळी अनावश्यक आहे हे सांगून नाही. वीस मिनिटं बसून यादी तपासण्याची फी कोणी देत नाही. शिवाय फार्मासिस्ट स्वतः गोळी बदलू शकत नाही. तो डॉक्टरांना कळवू शकतो, पण त्यासाठी दोघांमध्ये संवादाची ठरलेली पद्धत नाही. त्यामुळे नुसता नियम पुरेसा नाही. या कामाचा मोबदला ठरला, तरच ते काउंटरवर दिसेल.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक औषधंसुद्धा, एका पिशवीत घ्या आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा. काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण आहे ते विचारा. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.