तलाव दिसेल का, हे आधी विचारा

भाच्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. भाटघरच्या पाण्याला खेटून बंगला, अंगणात पोहण्याचा तलाव, मागे हिरवेगार डोंगर. खाली एका रात्रीचं भाडं, पाच आकडी. वहिनींचं उत्तर लगेच आलं, "एवढ्यात गोवा होतो." भाचा म्हणाला, "मामी, गोव्याला जायला-यायलाच दोन दिवस जातात. इथं शनिवारी सकाळी निघालो तर जेवायला पोचतो." मग मे महिन्यातल्या तारखा ठरायला लागल्या आणि मला मधे तोंड घालावं लागलं.

भोर आणि वेल्हे (आता राजगड तालुका) इथलं सौंदर्य खरं आहे, त्यात वाद नाही. प्रश्न आहे तो महिन्याचा. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण १९२८ साली पुरं झालं, ते सहलीसाठी नव्हे, शेतीसाठी. साडेतेवीस टीएमसीचा हा येसाजी कंक जलाशय पावसाळ्यात भरतो आणि मग आवर्तनं सुटली की उतरत जातो. इथलं पाणी वीर धरणात जातं, तिथून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला आणि पिकांना. उन्हाळ्यात पाणी इतकं मागे हटतं की एरवी बुडालेलं कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात. देऊळ बघण्यासारखंच आहे. पण 'लेक व्ह्यू'चे पैसे मोजून गेलेल्या माणसाच्या खिडकीसमोर तेव्हा असतो भेगाळलेला गाळ, आणि पाण्याची रेघ कुठंतरी लांब.

गंमत अशी, की भाडी चढतात ती शाळांच्या सुट्ट्या बघून आणि पाणी उतरतं ते कालव्याचं वेळापत्रक बघून. मे महिन्यात भाडं जास्त आणि पाणी कमी. सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरलेलं, खाचरांत भात उभा, कडेकपारीत सोनकी फुललेली; आणि मधल्या वारी गेलात तर बहुतेक ठिकाणी घासाघीस करायला वाव. जाहिरातीतला फोटो याच दिवसांतला असतो, हे लक्षात ठेवावं.

आता बिलाकडे वळू. खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांची खोली धरली तर अकरा हजार आठशे. मग मुलासाठी जादा गादी, रात्रीचं जेवण, शेकोटी, कयाकिंग, हे वेगळं. 'नाश्ता फ्री' हे मोठ्या अक्षरात असतं, बाकीचं बारीक अक्षरात.

यातल्या दृश्याचे पैसे किती? माझ्या मते शून्य. कारण तेच दृश्य, आणि याहून मोठं, फुकट मिळतं. गुंजवण्यातून राजगड चढा. संजीवनी माचीवर उभं राहिलं की एका अंगाला भाटघरचं पाणी, दुसऱ्या अंगाला गुंजवणी धरण आणि समोर तोरणा. शिवरायांनी पाव शतक जिथून राज्य केलं ती ही जागा. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. गडाखालच्या गावात आधी सांगून ठेवलं तर पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात मिळतो, आणि ते पैसे त्याच घरात राहतात. चढायचं नसेल तर नसरापूरजवळ बनेश्वरच्या झाडीत बसावं, किंवा केळदच्या वाटेने मढे घाटाच्या कड्यापर्यंत गाडीने जावं.

मग पैसे कशाचे द्यायचे? सोयीचे. आमच्या आईचे गुडघे राजगडाला कधीच रामराम ठोकून बसलेत. तिला स्वच्छ संडास, पायरी नसलेली खोली, बसल्या जागेवरून पाणी आणि वेळेवर चहा हवा. तिच्यासाठी तो बंगला महाग नाही. घरातल्या सगळ्यांनी एक रात्र एकत्र काढायची असेल, तर बंगला घेऊन भाडं वाटून घ्यावं, माणशी आकडा बराच खाली येतो. पण चार तरुणांनी रात्रभर मोबाइल बघायला तिथं जाणं म्हणजे पुण्यातलाच सोफा भाड्याने घेणं.

तेव्हा बुकिंगआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा. आज पाणी अंगणापासून किती लांब आहे, त्याचा आजचा फोटो पाठवा. सगळे कर धरून एकूण किती होतील. आणि शेजारच्या बंगल्यात रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो. तिन्हींची सरळ उत्तरं आली तर जा. पावसाळ्यात वरंधा घाट चालू आहे का तेही बघून ठेवा, तो बरेचदा वाहतुकीला बंद असतो. आणि पाण्यात उतरू नका. तळाशी गाळ आहे, अंदाज येत नाही.

आमच्याकडे मे रद्द झाला. ऑक्टोबरातला मधला वार ठरलाय, आईसाठी पाण्याकाठचा बंगला आणि भाच्यासाठी राजगड. तुम्हीही भाटघरला पैसे मोजणार असाल तर ते धरण भरलेलं असताना मोजा. उन्हाळ्यात जायचंच असेल तर कांबऱ्याचं देऊळ बघा आणि संध्याकाळी घरी या.