दहा मिनिटांचे साडेसातशे

‘दहा मिनिटांच्या कामाचे 750?’ पुण्यातल्या चांगल्या सुखवस्तू सोसायट्यांत हे ऐकलं की माझं डोकं तापतं. मी एसी दुरुस्त करतो. त्या दहा मिनिटांचा हिशेब आज मांडतोच.

माझ्याएवढा धंदा धरा: मी आणि एक हेल्पर. माझ्या घराला महिन्याला 30,000, हेल्परला 15,000, पेट्रोल आणि गाडीची डागडुजी 6,000, व्हॅक्यूम पंप, गेज, सिलिंडर यांची झीज 4,000, सामानाच्या खोलीचं भाडं 4,000, फोन आणि विमा 1,000. झाले 60,000. महिन्याचे 25 दिवस, दिवसाला चार घरं, म्हणजे 100 फेऱ्या. त्यातल्या 20 तरी बिनपैशाच्या जातात. कुठे दाराला कुलूप, कुठे ‘ह्यांना विचारून कळवते’, कुठे आधीच्या कामाची तक्रार. उरली 80 घरं. म्हणजे नुसता उंबरा ओलांडायलाच 750 रुपये लागतात. यात नफा धरलेला नाही, पावसाळ्यातली मंदी नाही, आजारपण नाही.

तुम्ही अडून बसता 300 वर. मग उरलेले 450 कोण भरतं? 80 घरांचे ते 36,000 होतात. एवढे पैसे कुणीही पदरचे घालत नाही. ते गॅसमधून काढले जातात.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती नायट्रोजनच्या दाबाखाली शोधायची, सांधा नीट करायचा, व्हॅक्यूम काढायचा आणि आउटडोअरच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. या कामात अर्धा दिवस जातो. ‘दरवर्षी टॉप-अप लागतोच’ हे धादांत खोटं आहे. पण 300 मध्ये किंवा ‘तपासणी फुकट’ म्हणून येणाऱ्याला हे खोटं बोलावंच लागतं, नाहीतर त्याची चूल पेटणार नाही. धडधाकट कॅपॅसिटर काढून नवा बसवणं तर त्याहून सोपं.

मी त्याची बाजू घेत नाही. चोर तो चोरच. पण 300 च्या घासाघिशीत तुम्हीच त्याला निवडता, आणि मग 3,000 चं गॅसचं बिल मुकाट्याने भरता! खरा दर तोंडावर सांगणारा मात्र ‘महागडा’ म्हणून दारातूनच परत जातो. नवव्या मजल्याच्या कठड्यावर बिनपट्ट्याचा लोंबकळणारा पोरगाही याच स्वस्ताईतून येतो, कारण सेफ्टी बेल्टचे पैसे त्या 300 मध्ये बसत नाहीत.

फोनवरच विचारा: फेरीचे किती, मजुरीचे किती, सामानाचे किती. गॅस कमी आहे म्हणाला तर गळतीची जागा दाखवायला सांगा. भरलेलं वजन ग्रॅममध्ये बिलावर लिहून घ्या. वजनकाटा न आणणाऱ्याला सिलिंडर उघडू देऊ नका.