फोर बाय फोर घ्यायचीय? आधी आपला काठ बघा, मग बारडोली गाठा



पाणी ओसरायला लागलं की आपल्या फुगवट्यावर गाडीचा विषय निघतोच. यंदा बऱ्याच घरांत "घेतली तर फोर बाय फोरच" असं चाललंय. नवापूरहून सोनगड, व्यारा करत राष्ट्रीय महामार्ग ५३ ने बारडोलीला जायचं, जुनी गाडी पसंत करायची आणि संध्याकाळी घरी आणून हार घालायचा. घ्या, आमची ना नाही. पण हंगामाची कमाई आणि घरातलं सोनं त्यात जाणार आहे, म्हणून चार गोष्टी स्पष्ट बोलतो.

गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. ३४५ फुटांवर ते भरतं, तेव्हा होडी जवळजवळ रस्त्याला लागते. उन्हाळ्यात पाणी लांब जातं आणि मधे उरतो गाळ. वर पापुद्रा वाळलेला, खाली नुसतं लोणी. कटला-रोहूचे क्रेट बायाबापड्या डोक्यावर आणतात. तोवर बर्फ वितळतो, आणि माल नरम झाला की व्यापारी भाव पाडतो. म्हणजे आपला तोटा त्या शेवटच्या एक-दीड किलोमीटरात होतो.

मग त्या तुकड्यासाठी कुठली गाडी? थार, जिम्नी, गुरखा दिसायला झकास, चढावर दमदारही. पण त्या माणसं बसवायला बनवलेल्या. क्रेट, बर्फ, जाळं, इंजिन ठेवणार कुठे? शिवाय खासगी पासिंगच्या गाडीतून धंद्याचा माल नेताना अपघात झाला, तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. आपल्याला हवा मागे हौदा असलेला, माल वाहतुकीचं पासिंग असलेला पिकअप. बोलेरो कॅम्परसारखी गाडी फोर बाय फोरमध्येही आलेली आहे, तशी शोधा. आणि नावावर जाऊ नका. थार २०२३ पासून टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. आत फोर बाय फोरचा दुसरा दांडा आहे का, ते स्वतः बघा.

दुसरं, चारही चाकं ओढतात म्हणून गाडी कुठूनही निघते, हा भ्रम आहे. रस्त्याच्या गुळगुळीत टायरमध्ये काळा गाळ भरला की दोनऐवजी चार चाकं जागेवर फिरतात, इतकाच फरक. खोल नक्षीचे टायर, पोटाखाली मोकळी जागा आणि लो गियर हे तिन्ही असेल तरच पैसे वसूल. ज्यांचा काठ मुरमाड आहे, त्यांना चांगले टायर लावलेला साधा पिकअप पुरतो. ज्यांच्या काठावर ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, त्यांनी गाळातून क्रेट ट्रॅक्टरने रस्त्यावर आणावेत. दोन-तीन महिन्यांच्या चिखलासाठी बारा महिने जास्त डिझेल कशाला जाळायचं?

तरीही फोर बाय फोर घ्यायचीच असेल, तर बघायला जाताना आपला ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. बारडोली ऊसपट्टा आहे. गाडीने शेतात ओझं ओढलेलं असलं तर क्लच आणि गिअरबॉक्स आधी बोलतात. गाडीखाली शिरा. चासीला गंज, नवी वेल्डिंग, पुढच्या अ‍ॅक्सलमधून तेल गळतंय का, ते बघा. चारही टायर एकाच मापाचे हवेत. फोर-व्हील हाय आणि लो दोन्ही टाकून चालवा, पण मातीत. अशा गाड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवल्या की आतल्या गिअरांवर ताण येतो. मालक "इथे माती कुठे आहे" म्हणाला, तर सरळ चहा पिऊन परत या.

कागद तर त्याहून महत्त्वाचे. बारडोलीची गाडी म्हणजे जीजे १९, आपली एमएच ३९. गुजरात आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हा खर्च सौद्यातच धरा. बारडोलीत स्वस्त वाटलेली गाडी नंदुरबारच्या आरटीओत महाग पडते ती इथेच. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज द्या. थकलेले चलान आणि बँकेचा बोजा एमपरिवहनवर तपासता येतो, घरातली शिकलेली पोरं पाच मिनिटांत बघून देतील.

आता आमचं खरं म्हणणं. एका होडीच्या मासळीवर एक फोर बाय फोर पोसली जात नाही. दिवसातला एक फेरा झाला की गाडी उभी, हप्ता मात्र चालू. चार-पाच होड्यांनी मिळून एक गाडी घेतली तर तीच गाडी दिवसभर राबेल. गाडी कोणाच्या नावावर, डिझेल कसं वाटायचं, ड्रायव्हर कोण, दुरुस्तीचे पैसे कुठून, हे आधी कागदावर लिहा. तोंडी व्यवहारात भाऊ-भाऊ तुटतात.

आणि सहीच्या आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक चक्कर मारा. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीची मोटरसायकल, इन्सुलेटेड गाडी यांना अनुदान ठेवलेलं आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज घेतायत का, ते विचारा. आपल्यातली बहुतेक घरं ६० टक्क्यांत बसतात. शौकाच्या फोर बाय फोरला हे अनुदान नाही.

गाडी दारात शोभण्यापेक्षा मासळी ताजी बाजारात पोचली, तर घर चालतं. येत्या बैठकीत हा विषय घेऊ. कारभारणींनाही घेऊन या, क्रेट त्यांच्याच डोक्यावर असतात.