सुई खोटं बोलते तेव्हा

गाडी बनवताना सगळ्यात सोपं काम कोणतं? मी पैजेवर सांगितलं असतं, डॅशबोर्ड! एक प्लायवूड कापायचा, चार भोकं पाडायची, मीटर बसवायचे, झालं. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे खरं इंजिनिअरिंग, डॅशबोर्ड म्हणजे नुसता मेकअप. आंबिवलीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार शनिवार-रविवार घालवल्यावर मी हे मत सपशेल मागे घेतलंय.

घरी गाडी जोडणं हे काही आमच्याच डोक्यातलं खूळ नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमननं १९५७ साली लोटस सेव्हन आणली, ती सुट्या भागांत विकत मिळायची. पूर्ण गाडीवर टॅक्स लागे, किटवर तो वाचे! आपल्याकडे अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं त्याच धर्तीची, फायबरग्लास बॉडीची रोडस्टर बनवली. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी तर भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप उभी केली. २०२२ मध्ये तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली.

आमची गाडी यांच्यापुढे किस झाड की पत्ती. चुलतभावानं, म्हणजे दादानं, चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड केली, त्यात भंगारातल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन बसवलं. कुर्ल्याहून जुन्या जीपचे गोल मीटर आणि त्यांच्याच जोडीचे सेन्सर आणले. (जोडी चुकली तर टाकी रिकामी असताना मीटर फुल दाखवतो, हे आधीच कुणीतरी बजावलं होतं.) वायरिंग माझ्याकडे. थर्ड इयरची पोरगी ना मी!

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. मग संध्याकाळी हेडलाइट लावले आणि टेम्परेचरची सुई टुणकन वर उडाली. दिवे बंद, सुई खाली. दिवे चालू, सुई वर. आता दिवे लावल्यानं पाणी तापत नाही, एवढं तर मलाही कळतं.

कारण साधं होतं. जीपचा डॅशबोर्ड पत्र्याचा, त्यामुळे मीटरला अर्थ आपोआप मिळते. प्लायवूडमधून कसली मिळणार? म्हणून मी मीटर आणि दिवे यांची अर्थ एकाच बारीक वायरवर टाकली होती. ६० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. जोडाला ०.१ ओहम रेझिस्टन्स असला तरी १ व्होल्ट तिथेच खर्च. ओहमचा नियम मी दहावीत शिकले, व्हायवात घडाघडा सांगितला, आणि शेडमध्ये विसरले.

पण खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. कारण सापडायच्या आधी मी दादाला म्हटलं, "सुईच्या वायरीत एक रेझिस्टन्स टाकते, मधोमध गप्प बसेल." बाबा चहा घेऊन आले होते. म्हणाले, "मग ती सुई लावलीस कशाला?"

मी गप्प. कारण ही सवय मला शेडमध्ये लागली नव्हती. धातूच्या रॉडची थर्मल कंडक्टिव्हिटी काढायचा प्रयोग आठवा. स्टेडी स्टेट यायला जेवढा वेळ लागतो तेवढा प्रॅक्टिकलला असतो कुठे? मग सीनिअरचं जर्नल येतं, आकडे इकडचे तिकडे होतात, ग्राफ सुंदर येतो, सही मिळते. शीट्सना आपण जीटी मारतो आणि रीडिंग्जना "अॅडजस्ट" म्हणतो. म्हणजे सुई मधोमध बसवायचं ट्रेनिंग आपण सेमिस्टरमागून सेमिस्टर घेतोय की!

असो. प्रत्येक मीटरला वेगळी काळी वायर दिली, फ्रेमवरचा रंग खरवडून बोल्ट पक्का केला. सुई शहाणी झाली. आणि दोनच रविवारांनी, दिवे बंद असताना, ती खरोखर वर गेली. कूलिंगमध्ये हवा अडकली होती. दादानं लगेच इंजिन बंद केलं. मी रेझिस्टन्स टाकला असता तर ती सुई मधोमधच राहिली असती आणि आम्ही इंजिनाचं हेड वाकेपर्यंत खूश राहिलो असतो.

आमची गाडी रस्त्यावर येणार नाही, शेडसमोरच्या मोकळ्या जागेतच फिरेल. मान्यता नसलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, आणि ते एका अर्थी बरोबरच आहे. पण ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकेक गाडी तपासून पास करायची सोय आहे. तिथे डॅशबोर्डची धारही २.५ मिलिमीटरच्या गोलाईची आहे की नाही ते बघतात, कारण अपघातात डोकं तिथेच आपटतं. अशी दारं आपल्याकडेही उघडायला हवीत. मेकअपला कोण इतकं मोजतं?

म्हणून होस्टेलवाल्यांना सांगणं एवढंच, की घरी काहीतरी एक बनवा. गाडीच पाहिजे असं नाही, पण ज्याचं रीडिंग खोटं निघालं तर आपलंच नुकसान होईल असं काहीतरी. आणि सरांना, मॅडमना विनंती: चुकलेलं रीडिंग आणि त्याखाली लिहिलेलं खरं कारण, यालाही मार्क द्या. सुंदर ग्राफपेक्षा दोन जास्तच द्या.

पुढच्या सबमिशनला माझ्या जर्नलमध्ये एक आकडा विचित्र दिसेल. सर, तो खरा आहे.