लेखक लंडनला, अटक कोलकात्याला!

फेब्रुवारी २००९. कोलकात्याच्या 'द स्टेट्समन' या जुन्या इंग्रजी दैनिकाने लंडनच्या 'इंडिपेंडंट'मधला एक लेख पुन्हा छापला. लेखक जोहान हारी. त्याचं म्हणणं साधारण असं, की माणसाचा आदर करीन, पण त्याच्या प्रत्येक श्रद्धेचा आदर करायची सक्ती नको. इस्लामबरोबर ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांनाही त्याने सोडलं नव्हतं. सूर बोचरा होता, यात शंका नाही. झालं! मोर्चे निघाले, रस्ते अडले. ११ फेब्रुवारीला संपादक रवींद्र कुमार आणि प्रकाशक आनंद सिन्हा यांना अटक झाली. जामीन त्याच दिवशी मिळाला, पण बाकीच्या संपादकांना जो निरोप जायचा, तो गेला.

कलम होतं २९५-अ. ते १९२७ सालचं, इंग्रजांचं. लाहोरच्या 'रंगीला रसूल' या पुस्तकाचा प्रकाशक राजपाल कोर्टातून सुटला, म्हणून ते आणलं. राजपालचा मात्र १९२९ मध्ये खून झालाच! १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदतंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात.

आता गंमत बघा. कायदा म्हणतो, अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. सुप्रीम कोर्टाने हे १९५७ मध्येच स्पष्ट केलं. महेंद्रसिंग धोनीला मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, तो खटला २०१७ मध्ये याच कारणाने रद्द झाला. पण हेतू कोर्टात तपासला जातो, अटक त्याच्या आधी होते. तेव्हा तपासली जाते ती रस्त्यावरची गर्दी.

तसलिमा नसरीनचंच बघा. तिच्या 'द्विखंडित' या पुस्तकावर डाव्या आघाडीच्या सरकारने नोव्हेंबर २००३ मध्ये बंदी घातली. होय, डाव्यांनी! कोलकाता हायकोर्टाने सप्टेंबर २००५ मध्ये ती उठवली. म्हणजे लेखिका जिंकली ना? नाही. २१ नोव्हेंबर २००७ ला शहरात जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं. तिची रवानगी जयपूरला, तिथून दिल्लीला झाली. त्याच महिन्याअखेर तिने वादग्रस्त मजकूर स्वतःच काढून टाकायचं जाहीर केलं. हायकोर्टाने वाचवलेली पानं दगडांनी फाडली! मार्च २००८ मध्ये तिने देशच सोडला.

काही वाचक म्हणतील, मग कुणी काहीही बोलावं? तसं नाही. 'अमक्या वस्तीला धडा शिकवा' असं माइकवरून ओरडणाऱ्याला जरूर आत टाका. तिथे माणसं मरतात. पण देवाची, ग्रंथाची चिकित्सा म्हणजे शेजाऱ्यावर हल्ला नव्हे. जोतीराव फुल्यांना आजचं हे कलम लावलं असतं, तर त्यांची निम्मी हयात कोर्टात गेली असती.

आपणही फार टेंभा मिरवू नये. डॉ. आंबेडकरांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र सरकारनेच १९८७ मध्ये छापलं. राम-कृष्णांवरच्या प्रकरणावरून शिवसेना खवळली. सरकार ते प्रकरण वगळायला निघालं, तेव्हा दलित समाज लाखोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरला. अखेर तोडगा निघाला तो एका तळटीपेचा : 'या मतांशी सरकार सहमत नाही.' प्रकरण मात्र जागेवर राहिलं.