रोजची एक गोळी



तुळिंजमधील आमच्या शेजारच्या किराणा व्यापाऱ्यांच्या सात वर्षांच्या नातवावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. पहिले कठीण महिने सरले, केस पुन्हा उगवले, मूल शाळेत जाऊ लागले. परवा आजोबा म्हणाले, "साहेब, रिपोर्ट चांगले आहेत. मग अजून दीड वर्ष ही गोळी कशासाठी? शिवाय ती रात्रीची. मुलाचा चौविहार मोडतो."

प्रश्न रास्त होता. वाचनातून जे उमगले, ते येथे मांडतो.

ही गोळी मर्कॅप्टोप्युरिनची. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ती सिद्ध झाली. १९५३ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि १९८८ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. गोळी म्हणजे जणू धनादेश; तो वटेपर्यंत त्याला मोल नाही. पेशीतील एचजीपीआरटी नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तिचे प्रभावी औषधात रूपांतर करते. टीपीएमटी नावाचे दुसरे विकर तिचा काही भाग निष्प्रभ करते. ज्यांच्यात हे दुसरे विकर जन्मतः दुर्बल असते, त्यांना नेहमीची मात्राही जड जाते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. आशियाई लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातील बदलामुळेही असेच घडते. म्हणून डॉक्टर वारंवार रक्त तपासून मात्रा कमीजास्त करतात. शेजारच्या मुलाची मात्रा पाहून आपल्या मुलाची ठरवू नये.

आता मुख्य मुद्दा. रिपोर्ट स्वच्छ असला, तरी सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या काही रोगट पेशी उरलेल्या असू शकतात. आजार उलटलेल्या काही मुलांच्या पेशींत एनटी५सी२ हे विकर बदलून अतिसक्रिय झाल्याचे २०१३ साली दोन संशोधक गटांना आढळले. ते वटलेला धनादेश जणू परत फिरवते. औषध पेशीत टिकतच नाही. अशा पेशींना वाढण्यास अवसर मिळू नये, म्हणून दीर्घकाळ नियमित औषध द्यावे लागते. शंभर दिवसांपैकी पंचाण्णवहून कमी दिवस गोळी घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे.

राहिला चौविहार. पूर्वी ही गोळी रात्री, दुधाविना देण्यावर भर असे. अलीकडच्या अभ्यासांत वेळेपेक्षा नियमितपणाच निर्णायक ठरला आहे. तरीही वेळ आपल्या मनाने बदलू नये. डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. आजोबांनी विचारले. सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवून मिळाली.

दुकानाच्या रोजमेळात आता गोळीचा एक स्वतंत्र रकाना आहे. तो भरल्याविना वही मिटत नाही.