नळ चावतो तेव्हा



इचलकरंजीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. दिवाळीआधी त्यांच्या स्वयंपाकघराचं काम निघणार आहे. कडप्प्याचा जुना ओटा काढून ग्रॅनाईटचा घालायचा, वर-खाली कपाटं करायची. "टाइल्स कुठल्या रंगाच्या घ्याव्यात आणि प्लगचे पॉइंट किती ठेवावेत?" असं त्या विचारतात. टाइल्स फिकट घ्याव्यात. हळदीचे डाग दिसतात, म्हणून तरी ते पुसले जातात. पॉइंटांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. त्याला कारण आमच्याच घरात घडलं, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जुनं. मध्यंतरी ओटा नवा केला. गवंडी आला, नळवाला आला, वायरमन आला. ज्याने त्याने आपापलं काम केलं आणि पैसे घेऊन गेला. चारच दिवसांनी भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, नळ चावतोय." मी हसले. "मावशी, हाताला भेगा पडल्यात, साबण झोंबत असेल," असं म्हणून त्यांना खोबरेल तेल दिलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "नव्या भिंतीत ओल असतीया वहिनी, वाळली की जातंय. तवर चप्पल घालून भांडी घासा म्हणावं." मला ते पटलंसुद्धा! मी स्वतः पायात सपाता घालून ओट्याशी उभी राहते, मावशी अनवाणी ओल्या फरशीवर. मला काही जाणवत नव्हतं, ते का, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या हातातली कळशी पडली आणि त्या मटकन खाली बसल्या. तेव्हा मी धावत शेजारच्या काकांना बोलावलं. आयटीआयमध्ये तारतंत्री शाखेच्या मुलांना शिकवून ते निवृत्त झालेत. त्यांनी आधी मेन बंद केला, मावशींना बाजूला बसवलं आणि मग पुन्हा मेन चालू करून नळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला. नळात वीज!

झालं होतं ते असं. पूर्वी पुष्कळ घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधून टाकत. पाइप जमिनीत गेलेला असे, त्यामुळे गळकी वीज निमूट मातीत जाई. आमच्याकडेही तसंच होतं. घरातल्या साऱ्या थ्री-पिन पॉइंटांची हिरवी तार ओट्याजवळच्या पाइपाला होती. ओटा करताना नळवाल्याने फरशीखालचा गंजलेला पाइप कापून प्लॅस्टिकचा जोडला. त्याचं काम चोख होतं, एक थेंब गळत नव्हता. पण मातीकडे जाणारी वाट तुटली. भिंतीतला वीतभर लोखंडी तुकडा, त्याला बांधलेली तार आणि पुढे नळ, एवढंच उरलं. आमचा फ्रिज जुना, बहुधा कित्येक महिने थोडी थोडी वीज सोडत असावा. ती आता जाणार कुठे? नळात येऊन बसली, आणि ओल्या हाताने नळ धरणाऱ्या अनवाणी बाईची वाट पाहू लागली.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की घर जुनं असेल तर नळाचे पाइप बदलण्यापूर्वी अर्थिंग कुठे बांधलं आहे ते वायरमनकडून शोधून घ्या. नळवाला हे विचारणार नाही, त्याचा तो प्रांतच नव्हे.

आता तिसऱ्या भोकाविषयी. प्लगच्या पॉइंटात वरचं मोठं भोक असतं ना, ते अर्थिंगचं. प्लगची ती पिन जाड आणि लांब असते. प्लग खुपसताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी. मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या आत तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज त्या पिनेतून मातीत जाते, तुमच्या अंगातून जात नाही. काही यंत्रांना दोनच पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर आत दुहेरी आवरण आहे, तिथे चालतं. पण खटपट नको म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडणारे महाभाग आपल्याच घरात असतात.

हे तिसरं भोक भिंतीत नुसतं असून भागत नाही, त्याच्या मागे हिरवी तार असावी लागते. आपल्याकडची रीत म्हणजे लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. काकांनी मला एक चलाखी दाखवली, ती सांगितलीच पाहिजे. काही जण हिरवी तार ओढायचे कष्ट वाचवतात आणि काळ्या तारेचाच एक तुकडा तिसऱ्या भोकाला जोडून मोकळे होतात. मग बाई विचारते, "अर्थिंग आहे ना?" तो फेज आणि तिसऱ्या भोकात दिव्याची पिन घालतो, दिवा झकास पेटतो आणि बाई खूश! पुढे कधी ती काळी तार मागे कुठे तुटली, की तुमच्या मिक्सरच्या आणि फ्रिजच्या अंगात थेट वीज. म्हणून दिवा पेटला एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मेन बंद करायला लावून एखाद्या पॉइंटची पट्टी उघडून घ्या आणि मागची हिरवी तार डोळ्यांनी पाहा. यात त्याचा अपमान होत नाही. सोनाराकडे आपण वजन पाहतोच की.

आमच्याकडे मग बोळातल्या जागेत नवा खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा पाइप पुरला, तिथून मेन बोर्डापर्यंत तार आणली, नळाची तार सोडवली. खड्ड्यावर फरशी बसवू दिली नाही, उचलता येईल असं झाकण ठेवलं. उन्हाळ्यात तिथे तांब्याभर पाणी ओतते. माती कोरडी पडली की अर्थिंग आपलं काम नीट करत नाही.

आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवली. वायरमन मंडळी अजून तिला ईएलसीबी या जुन्या नावाने ओळखतात. "आमच्याकडे एमसीबी आहेत की," असं तुम्ही म्हणाल. त्या वेगळ्या, मैत्रिणींनो. एमसीबी तारा तापून पेटू नयेत म्हणून असते. शंभर वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर वीज घेतो, आणि माणूस दगावायला त्याच्या चौथा हिस्साही पुरे होतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ठेवते. ०.०३ अँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या अंगातून किंवा भिंतीतून निसटली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत मेन पाडते. घरासाठी हीच ३० मिलिअँपिअरची घ्यावी. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा, समजा संकष्टीला, ते दाबून पाहावं. दाबल्यावर पडली नाही तर ती बदलायला झाली.

ही नवी बसवली की पुष्कळ घरांत सारखी पडते. आमच्याकडे पडलीच. तेव्हा वायरमन म्हणतात, "तरास नको वहिनी, काढून टाकू." काढू देऊ नका! एकेक प्लग काढून पाहायला सांगा. आमच्याकडे फ्रिजचा प्लग काढला तेव्हाच ती जागेवर राहिली. फ्रिज दुरुस्तीला गेला.

आता पॉइंट किती आणि कुठे. इंडक्शनची शेगडी साधारण २००० वॅटची, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर ओढते. पाणी तापवायची किटली १५०० वॅटची, साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या पॉइंटावर ही दोन्ही लावू नयेत. ओट्यावर १६ अँपिअरचे निदान दोन पॉइंट हवेत, त्यांना २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि फ्रिजला स्वतंत्र पॉइंट. मिक्सरचा पॉइंट असा, की वायर ना सिंकवरून जाईल ना शेगडीवरून. चटणी आपण डंकावर कुटून आणतो, पण रोजच्या वाटणाला खोबरं-लसूण मिक्सरवरच, आणि हात तेव्हा ओलेच असतात. बोर्ड न्हाणीघराच्या भिंतीवर नको, कुकरच्या वाफेच्या रेषेत नको. वायरमन बोर्ड ठेवतो ते त्याचा पाइप जिथून सोपा जाईल तिथे. ओट्याशी उभं राहायचंय तुम्हाला. म्हणून गिलाव्याआधी खडू घेऊन भिंतीवर खुणा तुम्ही स्वतः करा. पाइप बसले, की गिलाव्यापूर्वी मोबाइलवर भिंतींचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा कुठे ठोकू नये ते कळेल. भिंतीच्या आत तारेला जोड नको, जोड फक्त डब्यात.

काम कुणाला द्यावं? दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणं वेगळं. घराचं नवं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावं, असं १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून कायदा सांगत आला आहे. बिलावर परवाना क्रमांक मागा, टेस्ट रिपोर्ट मागा. थोडे पैसे जास्त जातील, ते कपाटांच्या चकचकीत मुठींत वाचवा.

आपल्या पंचगंगाकाठच्या भगिनींना एक वेगळं सांगणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर घर धुऊन झालं की पहिला हात मेनकडे जातो. तो आवरा. बोर्ड उघडून, वाळवून, तपासून घेतल्याशिवाय मेन टाकू नये, बाहेरून भिंत कितीही कोरडी दिसो. नवं काम करत असाल तर मेन बोर्ड आणि पॉइंट पुराच्या खुणेच्या वर घ्या.

मेनचा खटका घरातल्या मुलांनाही ठाऊक हवा आणि त्याच्यापुढे धान्याची कोठी नको. कुणाला वीज लागून धरलं, तर त्याला हात लावू नका; आधी मेन पाडा. मेन जवळ नसेल तर कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून कोरड्या काठीने त्याला दूर ढकला.

मावशी दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, आणि मी काही बोलायच्या आत नळाला बोटाचं टोक लावून पाहिलं, मग भांड्यांना हात घातला. निघताना विचारलं, "वहिनी, आमच्या घरात ती हिरवी तार असंल का वो?" रविवारी काका टेस्टर घेऊन त्यांच्याकडे जाऊन आले. तीन पॉइंट होते, तिन्हींत तिसरं भोक होतं आणि एकातही हिरवी तार नव्हती. घरमालकाशी आता मी बोलते आहे.